अजगर ‘खात नाही’ म्हणजे नक्की काय? एका निरीक्षणाचा दोनशे वर्षांचा प्रवास

‘आमच्या बॉल पायथनने तीन महिने काही खाल्लेलं नाही, काय करू?’ साप पाळणाऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उंदीर समोर ठेवला, साप त्याच्याकडे बघतो, जीभ बाहेर काढतो आणि तोंड फिरवून पुन्हा वेटोळं करून पडून राहतो. मालक हवालदिल, साप मात्र निवांत. (पेटच्या तयारीला लागलेल्या मंडळींनी दचकू नये, आजचा ‘पेट’ पाळीव प्राण्यातला आहे.)

तुम्ही संशोधनाकडे वळणार आहात, म्हणून या प्रश्नातल्या एका शब्दावर आधी बोट ठेवतो. आपण सहज म्हणतो, ‘सापाने खायला नकार दिला’. पण दिसलं काय? इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत सापाने भक्ष्य गिळलं नाही, एवढंच. ‘नकार’ हा आपण जोडलेला अर्थ आहे. नकार म्हटलं की सापात काहीतरी बिघडलंय असं गृहीत धरलं जातं आणि मग शोध फक्त बिघाडाचा होतो. सापांच्या उपवासावरचं संशोधन वाचताना मला सारखं जाणवतं, की काम पुढे सरकलं ते कुणीतरी ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारलं तेव्हाच.

आधी प्राण्याची ओळख. जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ साली या सापाचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याचं नाव पायथन रेजिअस. ब्रिटनमध्ये ‘रॉयल’, अमेरिकेत ‘बॉल’, कारण घाबरला की डोकं मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो. मूळ मुलूख पश्चिम आणि मध्य आफ्रिका. आपल्याकडच्या अजगराच्या मानाने अगदीच छोटा, तीन ते पाच फुटांचा. दिवसा बिळात किंवा वारुळात, रात्री बाहेर. बेनिनमधल्या विदा या गावात अजगरांचं मंदिर आहे आणि तिथे या सापाला मारणं निषिद्ध आहे.

अजगर बराच काळ न खाता पडून राहतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले २४ गुरू सांगतो, त्यांत एक अजगर आहे. मिळालं तर खावं, नाही मिळालं तर हालचाल न करता पडून राहावं, ही त्याची शिकवण. एकनाथी भागवत याच स्कंधावरची टीका असल्यामुळे मराठी घरांत ही अजगरवृत्ती ओळखीची आहे. गंमत बघा, तिथे अजगराचं न खाणं हा आजार नाही, त्याचा स्वभाव आहे. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांना हे पटायला बराच वेळ लागला.

आता पॅरिसला जाऊ. १८३० च्या दशकात लामार-पिको नावाचा फ्रेंच प्रवासी हिंदुस्थानातून परतला आणि त्याने तिथल्या विज्ञान अकादमीपुढे एक दावा मांडला: अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि त्यांना स्वतःच्या अंगची ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी आणि ऊब? अकादमीने दावा नाकारला. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच जार्दँ दे प्लांतमधल्या एका मादीने अंडी घातली, ज्या जातीला आज आपण बर्मीज पायथन म्हणतो तिची. आशिल वालांसिएनने मे आणि जून असे दोन महिने तिच्यावर लक्ष ठेवलं, वेटोळ्यांमध्ये थर्मामीटर सरकवून नोंदी घेतल्या आणि मादी भोवतालच्या हवेपेक्षा गरम असल्याचं दाखवलं. म्हणजे प्रवाशाचं म्हणणं खरं होतं.

पण एका सापाच्या मोजमापावरून किती बोलायचं? साप कोपऱ्यात असेल, खालून ऊब लागत असेल, थर्मामीटर दाबला गेला असेल. यावरचा उतारा लंडनमध्ये मिळाला. तिथल्या प्राणिसंग्रहालयात १८४९ पासून सरपटणाऱ्यांसाठी स्वतंत्र इमारत होती, जगातली पहिली. १८६२ मध्ये तिथे आफ्रिकन रॉक पायथनच्या मादीने अंडी घातली. फिलिप स्क्लेटरने तिचं तापमान नोंदवलंच, पण शेजारच्या नराचंही नोंदवलं. तीच खोली, तीच ऊब, तोच थर्मामीटर, फक्त अंडी नाहीत. ‘कंट्रोल’ हा शब्द आज आपण प्रत्येक प्रपोजलमध्ये लिहितो. इथे तो दोन सापांच्या रूपात पडलेला दिसतो, म्हणून मला हा निबंध फार आवडतो.

यानंतर शंभर वर्षांनी, १९६६ मध्ये, हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर यांनी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या उबवणाऱ्या बर्मीज मादीचा प्राणवायूचा वापर मोजला. हवा गार झाली की मादीचे स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावत आणि प्राणवायूचा खर्च वाढत जाई. थोडक्यात, ती कुडकुडून उष्णता तयार करत होती. तेही अन्नाचा कण न घेता! आता चित्र पूर्ण झालं असं वाटतं ना? मादी खात नाही कारण ती उबवते आणि उबवते म्हणजे तापते.

इथे आपला छोटा बॉल पायथन मध्ये पाय घालतो. (सापाला पाय कुठले, असं म्हणू नका. अजगरांना मागच्या पायांचे अवशेष असतात, गुदद्वाराशेजारच्या दोन नख्यांच्या रूपात.) एलिस आणि चॅपेल यांनी १९८७ मध्ये याच जातीच्या उबवणाऱ्या माद्या मोजल्या आणि त्या स्वतः उष्णता तयार करत नाहीत असं दिसलं. कुडकुडणं नाही की तापणं नाही. तरीही मादी साधारण दोन महिने अंडी सोडत नाही आणि खात नाही. मग ती एवढी घट्ट का बसते?

याचं उत्तर आफ्रिकेत, टोगोमध्ये मिळालं. फाबिएन ओब्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी (रिचर्ड शाइन त्यांतले एक) २००० नंतरच्या दशकात तिथल्या माद्यांवर प्रयोग केले. काही अंड्यांना आईचं वेटोळं मिळू दिलं, काहींना नाही. वेटोळ्याबाहेरच्या अंड्यांतून पाणी अधिक उडून गेलं. आई इथे शेगडी नसून झाकण होती. दोन जाती, दिसायला सारखंच वागणं, सारखाच उपवास आणि कामं मात्र वेगळी. एका जातीवरचा निष्कर्ष दुसऱ्या जातीवर उचलून ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन निबंध एकापाठोपाठ वाचावेत.

या सगळ्या काळात पिंजऱ्याबाहेरची माणसं काय करत होती? जबरदस्ती. १९२० च्या दशकात सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात ‘डिआब्लो’ नावाचा वीस फुटांहून लांब रेटिक्युलेटेड पायथन होता. तो खात नव्हता. तेव्हा माणसांची रांग त्याला धरून उभी राहायची आणि नळीतून त्याच्या पोटात खिमा ढकलला जायचा. ते बघायला गर्दी लोटायची. साप खात नाही म्हणजे मरणार, ही कल्पना इतकी पक्की होती की न खाण्याची किंमत खरोखर किती, हे मोजायचं फारसं कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते फ्रान्सिस बेनेडिक्टला, आणि त्याची पार्श्वभूमीच मजेशीर आहे. बॉस्टनच्या न्यूट्रिशन लॅबोरेटरीचा हा संचालक. १९१२ मध्ये त्याने एका माणसाला ३१ दिवस निव्वळ पाण्यावर ठेवून त्याच्या शरीराचा हिशोब मांडला होता आणि १९१५ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला होता. माणसाचा उपवास मोजलेला हाच माणूस पुढे सापांकडे वळला. १९३२ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात मोठ्या सापांची, कासवांची, मगरींच्या भाऊबंदांची उष्णता-निर्मिती मोजलेली आहे. सापाचं अंग सस्तन प्राण्याइतकं गरम केलं तरी त्याची उष्णता-निर्मिती सस्तन प्राण्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे त्यातून पुढे आलं. आपल्या एका महिन्याच्या उपवासाची भीती आपण सापावर लादतो, पण दोघांच्या खर्चाची वही वेगळी आहे.

उपवास परवडतो हे कळलं. पण समोर उंदीर असताना तो गिळायचा का नाही? इथे १९६७ चा गॉर्डन बर्गहार्टचा ‘सायन्स’मधला निबंध येतो. त्याने जन्मल्यापासून एकदाही न खाल्लेली सापाची पिल्लं घेतली. वेगवेगळ्या भक्ष्यांच्या अंगावरून घेतलेल्या अर्कात कापसाचे बोळे बुडवले आणि ते पिल्लांसमोर धरले. पिल्लांनी बोळ्यावर हल्ला केला, पण सगळ्या बोळ्यांवर नाही. ज्या जातीचं जे नैसर्गिक खाणं, त्याच्या वासाला प्रतिसाद जास्त. शिकवणी नाही, अनुभव नाही, तरी मेनूकार्ड पाठ! पुढे स्टीव्हन अर्नोल्डने कॅलिफोर्नियातल्या एकाच जातीच्या गार्टर सापांची तुलना केली. समुद्रकिनाऱ्याजवळचे साप शंख नसलेल्या गोगलगायी आवडीने खातात. आतल्या डोंगराळ भागात त्या गोगलगायी नसतात, आणि तिथल्या आयांची प्रयोगशाळेत जन्मलेली पिल्लंही बहुतांशी त्यांना तोंड लावत नाहीत. १९८१ मध्ये आलेल्या या कामाने ‘नकार’ आनुवंशिकतेच्या भाषेत मांडला. पिल्लू हट्टी नव्हतं, त्याच्या लेखी ती वस्तू अन्नच नव्हती.

हे बॉल पायथनला लावून बघा. लुईसेली आणि अँजेलिची यांनी १९९८ मध्ये आग्नेय नायजेरियातल्या जंगली सापांचा आहार प्रसिद्ध केला. ७० सेंटिमीटरपेक्षा लहान साप मुख्यतः छोटे पक्षी खात होते, मोठे साप सस्तन प्राणी. नरांच्या खाण्यात पक्षी जास्त, माद्यांच्या खाण्यात सस्तन जास्त. आणि आपण काय देतो? प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर, तोही बर्फातून काढून कोमट केलेला. या सापाच्या ओठांवर उष्णता जाणणारे खळगे असतात, त्यामुळे भक्ष्य थंड असेल तर आधीच अर्धी ओळख पुसली जाते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. इथे मी थोडा तर्क लढवतोय, तो तर्क म्हणूनच वाचा. बॉल पायथन ‘उपाशी राहणारा साप’ म्हणून एवढा बदनाम कसा झाला? विसाव्या शतकाच्या शेवटी घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून हे साप हजारोंनी निर्यात झाले. त्या भागात नोव्हेंबरच्या सुमारास कोरडा ऋतू सुरू होतो, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल माद्या अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. व्यापारासाठी नेमक्या याच दिवसांत बिळं खणून अंडी पोटात असलेल्या किंवा अंड्यांवर बसलेल्या माद्या पकडल्या जात, कारण अंडी आणि पिल्लं हाच माल. म्हणजे वर्षातल्या ज्या काळात मादी तशीही खात नाही, त्याच काळात ती पकडली गेली, खोक्यात भरली गेली, समुद्रापार गेली आणि परक्या वासाच्या उंदरासमोर ठेवली गेली. मग मालकाने लिहून ठेवलं, ही जात खात नाही. सांख्यिकीच्या तासाला ‘सॅम्पलिंग बायस’ची उदाहरणं शोधत असाल, तर यापेक्षा जिवंत उदाहरण मला तरी माहीत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत पहिली अल्बिनो पिल्लं बंदिवासात जन्मली, रंगीत जातींची बाजारपेठ उभी राहिली आणि बंदिवासातली पैदास वाढत गेली. अशी पिल्लं जंगलातून आणलेल्या प्रौढांपेक्षा सहसा सहज खातात. जात तीच, नमुना बदलला.

उपवासाकडे बघण्याची दिशा खरी उलटी केली ती स्टीफन सिकॉर आणि जेरेड डायमंड यांनी. (हो, तेच डायमंड, पुढे मानवी इतिहासावरच्या पुस्तकांसाठी गाजलेले. मूळचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ.) तोवर प्रश्न होता, साप न खाता कसा राहतो. यांनी विचारलं, खाल्ल्यावर काय होतं? म्हणजे उपाशी अवस्था ही सामान्य रेषा धरली आणि जेवण ही घटना. १९९५ आणि १९९८ च्या निबंधांत बर्मीज पायथनची गोष्ट येते: मोठं जेवण झाल्यावर चयापचयाचा वेग ४४ पटींपर्यंत चढतो, आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत दुपटीच्या घरात जातं, यकृत आणि मूत्रपिंडंही वाढतात. पचन उरकलं की सगळं पुन्हा आवरून ठेवलं जातं. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांसाठी माळ्यावरची मोठी पातेली उतरवावीत आणि नंतर घासून परत माळ्यावर टाकावीत, तसं. दबा धरून कधीमधी खाणाऱ्या सापांत हे चढउतार मोठे, सतत हिंडून वारंवार खाणाऱ्यांत बरेच कमी.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. सिकॉर-डायमंड यांच्या मते ही उभारणी महागडी होती. २००१ मध्ये श्टार्क आणि बेझे यांनी आतड्याच्या पेशी तपासून वेगळं सांगितलं: नव्या पेशी बांधण्यापेक्षा आहे त्या पेशी द्रवाने फुगवल्या जातात, म्हणून खर्च तितका नसावा. मग २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, की जेवल्यावर ४८ तासांत पायथनच्या हृदयाचं वजन ४० टक्क्यांनी वाढतं. हृदयविकारावर काम करणारे लोकही सापांकडे वळले. आणि त्यानंतर? इतर प्रयोगांत ही वाढ क्वचितच सापडली. २०१६ मध्ये एनोक आणि सहकाऱ्यांनी तर आपल्याच बॉल पायथनवर मोजून सांगितलं, की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं त्याचं श्रेय शिरांकडून होणाऱ्या वाढीव भरणीला जातं. ४० टक्क्यांचा आकडा आजही लेखांतून फिरतो. तुमच्या साहित्य-आढाव्यात तो आला, तर २०१६ पर्यंतचा रस्ता चालून मगच लिहा. गाईड विचारोत न विचारोत, व्हायवाला कुणीतरी विचारतंच.

थेट उपवासावरचा प्रयोग मार्शल मॅक्यूचा, २००७ चा. बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटल स्नेक अशा तीन प्रकारच्या सापांना १६८ दिवस अन्न दिलं नाही. मुळात मंद असलेला चयापचय आणखी खाली गेला, काही सापांत ७२ टक्क्यांपर्यंत. आणि मी दोनदा वाचलेलं वाक्य म्हणजे, या काळात सापांची लांबी वाढली. वजन घटतंय, अन्न नाही, तरी लांबी वाढतेय! अनेक मालक ‘साप वाढतोय ना, मग ठीक आहे’ असं समाधान करून घेतात. या निबंधानंतर तो आधार उरत नाही. लांबी इथे तब्येतीचं माप होऊ शकत नाही, वजन होऊ शकतं.

तेव्हा त्या तीन महिन्यांच्या प्रश्नाकडे येऊ. मालकाला आधी विचारायचं ते हे: तीन महिन्यांपूर्वी वजन किती होतं आणि आज किती आहे? प्रौढ साप, ऋतू थंडीचा, वजन जवळपास तेवढंच, तर बहुधा वाट बघायची. पाळणारे साधारण १० टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. पिल्लू असेल तर इतकी मोकळीक नाही, त्याच्याकडे साठा कमी असतो. मग पिंजरा तपासायचा. गरम बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार बाजू २५ ते २७, दोन्हीकडे लपायला अंग घासून बसेल अशी अरुंद जागा. कात टाकायला आलाय का, डोळे दुधाळ झालेत का? श्वासाला घरघर, तोंडात चिकट लाळ किंवा अंगावर गोचिडी असतील तर वाट बघत बसू नये, सरपटणारे प्राणी जाणणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं. भक्ष्य नीट कोमट करून, संध्याकाळनंतर द्यावं, नाही खाल्लं तर आठवडाभर त्याला हात लावू नये. रोज उंदीर नाकासमोर नाचवण्याने साप फक्त बिथरतो. आणि डिआब्लोचा प्रयोग घरी करू नये. जबरदस्तीने भरवणं हा पशुवैद्याने घ्यायचा शेवटचा निर्णय आहे, अन्ननलिका फाटू शकते.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: साप आला कुठून? बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटीज’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा परदेशी जाती पाळणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन आलं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून, बिस्किट आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन पकडले. असा पुड्यातून आलेला साप नव्या घरी महिनोन्महिने खात नसेल, तर त्याची नोंद ‘अन्न नाकारलं’ अशी करायची की ‘प्रवासाचा ताण, वजन अमुक, तापमान तमुक’ अशी, हे वही उघडतानाच ठरवावं लागतं.